राउंड खिडकीकडून

"आत या की बाईसाहेब! दारात काय उभ्या? फोटो काढायचाय?"

शिकाऊ डॉक्टर उंबऱ्यातून हलली नाही. तोंडावर मास्क, डोळे लाल. "मॅडम, मी इथूनच सांगते. रात्रीपासून ताप आहे. आत तान्ही बाळं आहेत."

"आणि आम्ही लाकडाच्या! आम्हाला कुठला ताप?" वॉर्डच्या प्रमुख बाईंनी सिस्टरकडे बघून ओठ मुरडले. "जा, आईच्या कुशीत झोपा. परीक्षेच्या फॉर्मवर सही मागायला मात्र येऊ नका."

सही नाही म्हणजे वर्ष वाया. पोरीचे डोळे भरून आले, पण ती वळली आणि निघून गेली.

बाईंनी नाक उडवलं. मेणाच्या बाहुल्या नुसत्या! त्यांची स्वतःची एकोणीस वर्षांत एकही रजा नव्हती. लेकीला गोवर आला तेव्हासुद्धा तिला शेजारणीच्या ओटीत टाकून त्या ड्यूटीवर हजर होत्या. आजही सकाळपासून घशात काटे होते, अंग ठणकत होतं. चहाबरोबर दोन गोळ्या घेतल्या, संपलं. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, गिळायच्या असतात.

बाकीचे डॉक्टर राउंड दारापासून सुरू करत, बाई खिडकीपासून. शेवटच्या पाळण्यापर्यंत पोचेतो डॉक्टर थकलेला असतो, मग लांबच्या बाळांनी काय पाप केलंय, असं त्यांचं म्हणणं. आठ नंबरच्या बाळाचा निसटलेला मोजा त्यांनी चढवला. सातला "काय रे गुलामा" म्हणत गालाशी गाल नेला. सहाजवळ मान वळवून जरा खोकल्या. तेवढ्यात हॉलमधून बोलावणं आलं. एकही रजा न घेतल्याबद्दल आज त्यांचा सत्कार होता. उरलेले पाच पाळणे दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिले.

दोन दिवसांनी तीन बाळं तापाने फणफणली. त्यातल्या एकाला ऑक्सिजन लावावा लागला.

बाईंनी टेबलाशी बसून अधीक्षकांना पत्र लिहायला घेतलं. 'आजारी असताना वॉर्डात येऊन तीन बाळांचे जीव धोक्यात घातले. हा अक्षम्य बेजबाबदारपणा आहे. कठोर कारवाई व्हावी.' खाली 'जबाबदार डॉक्टर' म्हणून त्या पोरीचं नाव, ठसठशीत.

"सिस्टर, पाळण्यांचे नंबर सांगा."

"आठ, सात, सहा."

"बघा! दोन मिनिटं आली आणि पसरवून गेली."

सिस्टर ऑक्सिजनची नळी सरळ करत होती. तिने मान वर केली नाही. "ती दारात होती मॅडम. दारापाशी एक नंबर आहे. तो खडखडीत आहे. आणि त्याआधी दोन दिवस तिची सुट्टी होती."

बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि खोकल्या. खोकला थांबेना. पदर तोंडाला लावून त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आठ, सात, सहा. मोजा, गाल, खोकला.

त्या उठल्या. कागद घेऊन भिंतीच्या कडेकडेने दाराबाहेर गेल्या.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. बाई उंबऱ्यापलीकडे उभ्या होत्या, तोंडावर मास्क.

"आत या ना मॅडम."

"नको. इथूनच देते."

सिस्टरने हात लांब करून दोन कागद घेतले. एक परीक्षेचा फॉर्म होता, सही केलेला. दुसरं तेच पत्र. त्यातला एक शब्दही सौम्य केलेला नव्हता. फक्त पोरीचं नाव खोडून बाईंनी तिथे स्वतःचं लिहिलं होतं.