बेटावरचे दोन दिवस

लाँच उलटली तेव्हा बिरू झोरेनं दमयंतीबाईंना वेणी धरून ओढत बेटावर आणलं. शुद्धीवर येताच बाईंनी त्यालाच झापलं, "केसांना हात लावायची हिंमत कशी झाली?"

"पदर धरला असता तर नुसता पदरच हातात आला असता, बाई."

धरणाच्या पाण्यातलं ते बेट म्हणजे खडकाचा उघडा उंचवटा. बाई शाळेत गणित शिकवायच्या, चाळिशीपर्यंत एकट्याच राहिलेल्या. तो शेळ्या विकणारा. लाँचचा पत्रा त्याच्या पोटरीत खोल घुसला होता. बाईंनी साडी फाडून जखम बांधली. तो कण्हला की त्या रागवायच्या. त्या रडल्या की तो शेळीच्या आवाजात त्यांच्या मुख्याध्यापकांची नक्कल करायचा, त्यांना कधी न पाहताच.

दुसऱ्या दिवशी पाय काळा पडला, ताप चढला. "वाचलो तर लगीन कराल माझ्याशी?" त्यानं विचारलं.

"आधी वाचा," म्हणत बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

संध्याकाळी बचावाची होडी आली, तेव्हा तो बेशुद्ध होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पाय लगेच कापावा लागेल. यांचं कोण आहे?" कोणीच नव्हतं. बाईंनी कागद ओढून सही केली आणि नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं.

सकाळी शुद्धीवर आल्यावर बिरूनं पांघरुणाखाली चाचपलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "आता लग्नाचं राहू द्या, बाई."

"कालच झालं ते," बाई म्हणाल्या.