मर्जीनं

शहापूरच्या कोर्टात अंजूचं नाव पुकारलं, तेव्हा तिचा नवरा मितेश आणि सासरा राघो आधीच पुढे येऊन उभे होते. दोघं सकाळच्या एसटीने धसईहून आले होते. मितेशने तिच्यासाठी घरून साडी आणली होती.

कसाऱ्याजवळच्या लॉजवर धाड पडली होती. मालकाला अटक झाली आणि तिथे सापडलेल्या बायकांची रवानगी सुधारगृहात. अंजू आणि शकू त्यांतल्याच.

वकीलबाईंनी दोघींना बाहेरच समजावलं होतं. "लॉजवर धंदा चालवणं हा मालकाचा गुन्हा. सज्ञान बाई मर्जीनं धंदा करत असेल, तर तिचा गुन्हा नाही. तिला जबरदस्तीने कोंडून ठेवता येत नाही, कुणाच्या ताब्यात देता येत नाही. जज मॅडम विचारतील, तेव्हा नीट बोला."

अंजूने हे त्यांच्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

"मॅडम, हिला कोणीतरी फसवून नेलंय," मितेश हात जोडून म्हणाला. "बायको आहे माझी. मी न्यायला आलोय. याआधीपण दोनदा माहेरी पळाली होती. दोन्ही टायमाला मीच आणली."

न्यायाधीशबाईंनी अंजूकडे पाहिलं. "कपाळावर कसली खूण ही?"

"विहिरीवर पडली होती," मितेशच बोलला.

"मी त्यांना विचारलं. अंजू, तुम्हाला लॉजवर कोणी फसवून आणलं?"

"नाय."

"जबरदस्ती केली?"

"नाय. मी माझ्या मर्जीनं धंदा करत होते."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. राघोची मान खाली गेली.

"खोटं बोलते ही!" मितेश ओरडला. "अंजू, घरी चल. मी कोणाला काय सांगणार नाय."

"धंदा करत होते," अंजू पुन्हा म्हणाली. या वेळी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

राघोने मुलाचं मनगट धरलं. "चल रे. असली बाई माझ्या उंबऱ्यात नको. मेली ती आपल्याला." साडीची पिशवी उचलून त्याने मितेशला ओढतच बाहेर नेलं.

दुपारी दोघींना सोडण्याचा हुकूम झाला. कोर्टासमोरच्या टपरीवर अंजूने चहा सांगितला, वर भजीही. धसईची एसटी समोरून गेली, तेव्हा ती खात होती.

शकूचा चहा तसाच निवत होता.

"माझं ठीक हाय गो, माझा धंदाच तो," ती शेवटी म्हणाली. "पण तू असं का बोललीस? धाड पडली तेव्हा तू मागं आमच्या चादरी धूत होतीस."