सहाचे चार

"पप्पा, सहा मोल हायड्रोजन घेतला, तर अमोनियासुद्धा सहाच मोल मिळणार ना?"

बिराजदार सरांच्या कपाळावर आठी पडली. असली गणितं मुक्ता गेल्या वर्षी शेंगा सोलता सोलता तोंडी सोडवायची. लातूरच्या वसतिगृहात जाऊन महिना झाला नाही, तोवर पोरगी समीकरण संतुलित करायलाच विसरली?

"आधी समीकरण मांडलंस का?" ते फोनवर करवादले.

"तुम्हीच सांगा ना. पहिल्यापासून." तिचा आवाज ओला झाला होता. तिच्या मागून रेक्टर मॅडम म्हणाल्या, "अभ्यासाचंच विचारतेयस ना गं? घरच्या गप्पांना माझा फोन मिळायचा नाही. त्या फक्त रविवारीच."

सरांचा चढलेला सूर खाली आला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"लिही. नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन. त्यातून अमोनिया दोन. म्हणजे तिनाला दोन. मग सहाला किती?"

वर्गात एका दमात सांगायचे, ते आज शब्दाशब्दाला थांबत होते. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाजही नव्हता. ती नुसती ऐकत होती.

"चार," ती म्हणाली.

तिची आई मघापासून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रसायनशास्त्राशी तिचा जन्मात संबंध आला नव्हता. तिने पदराला हात पुसले आणि सरांच्या हातातून फोन घेतला.

"मुक्ते, सहाचे चार कसे झाले, ते मला काही कळलं नाही बघ. तू सांग. सावकाश सांग."