प्रसादाचा डबा

"कळ्या किती रेखीव पडतात गं तुझ्या. कुणी शिकवलं?" मोदक वळता वळता काकूंनी विचारलं.

"आईनं," प्रज्ञा म्हणाली. टोक किंचित डावीकडे वळवायची सवयही आईचीच. जर्मनीत शिकायला आल्यापासून आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच कुणाच्या घरी मांडी घालून बसली होती. मराठी मंडळातून नुकतीच ओळख झालेल्या या काकूंनी फोनवर सांगितलंच होतं, "परक्या मुलखात आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावं. गणपतीला ये."

तिचे अकरा मोदक झाले, तेव्हा काकूंनी आडनाव विचारलं.

"खरात."

"खरात म्हणजे कुठल्या?"

हा प्रश्न कुठे जातो, ते तिला शाळेपासून ठाऊक होतं. "जालन्याच्या. भीमनगर."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. "दमली असशील. तू बाहेर ताटल्या मांड, नैवेद्याचं आम्ही बघतो."

आरतीला प्रज्ञानं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. निघताना काकूंनी तिच्या हातात डबा ठेवला. "प्रसाद आहे. येत जा गं, आपलंच घर समज."

ट्राममध्ये तिनं डबा उघडला. आत अकरा मोदक होते आणि अकराही मोदकांची टोकं डावीकडे वळलेली होती.