टोमॅटोच्या बिया

माकडांच्या जंतांवर तिचं संशोधन चाललं होतं. पाय मोडला तेव्हापासून जंगलातून त्यांची विष्ठा नवराच आणू लागला. बिचारा पार धबधब्यापलीकडे मुक्काम करून, चिखलाने माखून परतायचा. आजची विष्ठा तिने चाळणीत धुतली तर जंत वळवळले, चक्क माणसांना होतात तसे! इतक्या आतल्या माकडांपर्यंत हे पोचले कसे? हरखून वाकली, तर जंतांशेजारी टोमॅटोच्या बिया. जंगलात टोमॅटो कुठला? माकडांना तो एकाच ठिकाणी मिळायचा, जंगलाबाहेर, तिच्याच मैत्रिणीच्या लॉजमागच्या उकिरड्यावर. "धबधब्यापलीकडे गेला होतास ना रे?" तिने विचारलं. "म्हणजे काय! पायांचे तुकडे पडले," नवरा बूट काढत म्हणाला. तिने चाळणी त्याच्यापुढे धरली. "बुटांना चिखल मात्र झकास फासलास हो," ती म्हणाली. "आणि जेवण? अजूनही सगळ्यात टोमॅटो घालते का ती?"