माहेर नावाचं जग

शेजारची सिंधू हल्ली दिवसभर चष्मा लावून ‘माहेर’ नावाच्या आभासी जगात बसायची आणि जेवणही विसरायची. तिला तिथं कोणीतरी लुबाडतंय, अशी हौसाबाईंची खात्री झाली. शेवटी त्यांनी सुनेचा चष्मा चढवला. ‘माहेर’ म्हणताच बायकांनी बायकांसाठी उभारलेली कितीतरी जगं समोर आली. सिंधू सांगायची ते चिंचेखालचं दार त्यांनी ढकललं.

दारात एक तरुण वहिनी उभी होती. “या वन्सं! दमलात ना?”

“तुम्ही मला ओळखता?”

“माहेरी ओळख लागते होय?”

एवढा गोडवा हौसाबाईंना पचेना. ओसरीवरच्या बायकांत सिंधू दिसत नव्हती, पण इथं हवा तो चेहरा घेता येत होता.

“यात तुमचा फायदा काय? माणूस तरी आहात का?”

वहिनी खुदकन हसली. “हौसे, मेले, इथंही उलटतपासणी?”

“सिंधे, तू? अगं, लेक होऊन आरामात बस की!”

“सगळ्यांना लेकच व्हायचं असतं. वहिनी व्हायला कोणी तयार होईना.” सिंधूचा आवाज उतरला. “नवरा गेल्यावर मी भावाकडे गेले, तर वहिनीनं दारातूनच परतवून लावलं होतं.”

तेवढ्यात एक नवी बाई दाराशी येऊन घुटमळली.

“सिंधे, तू जा, आधी जेव. हिच्याकडे मी बघते,” म्हणत हौसाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बाईला नखशिखांत न्याहाळलं. “कोण गं तू? कुठली?”

“तसं नाही, हौसे,” सिंधू मागून कुजबुजली. “आधी आत घ्यायचं.”