मापाचा फ्रॉक

घणसोलीतल्या माझ्या शिवणाच्या दुकानात अनोळखी बाई आली. “भाचीचा लग्नातला ब्लाऊज शिवायचाय, ताई. गुरुवारी पाहिजे.” कापडासोबत मापाला तिनं शाळेचा फ्रॉक दिला. माझ्या पाचवीतल्या लेकीला बसेल एवढाच. मी म्हटलं, “नवरीलाच आणा, अंगावर माप घेते.” “ती बाहेर पडत नाही हो. शिलाईत कापड जास्त सोडा, वाढत्या अंगाची आहे.” बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. वय विचारलं तर हसली. “ब्लाऊजला वय कशाला लागतं? टेन्शन असेल तर समोरचा टेलर शिवेल.” तो काहीच विचारणार नाही, ठाऊक होतं. एरवी असलं गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवते. पण सोमवारचा उपवास असूनही मी खोटं बोलले, “शिवते. फ्रॉक राहू द्या.” ती जाताच दुकानाला कुलूप लावलं. फ्रॉकच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव होतं. मधल्या सुट्टीआधी तो फ्रॉक तिथल्या हेडबाईंच्या टेबलावर होता.